आगोटची खरेदी

[दृश्य : वडखळ–अलिबाग रस्ता. बांबूवर टांगलेल्या कांद्याच्या माळा.]

मे सरत आला की या रस्त्याच्या कडा पांढऱ्या दिसू लागतात. हा अलिबागचा पांढरा कांदा. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पातीची वेणी घालून माळ करायची हातोटी त्याच्या कितीतरी आधीची.

[दृश्य : आठवडी बाजार. हात, पिशवी, सुक्या मासळीच्या टोपल्या.]

आज आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी आहे. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. पदराच्या गाठीला पाचशेच्या चार नोटा. त्यातच कांदा, जवळा, बोंबील, मिरची आणि चिंच बसवायची.

हे हात नीट बघा. बोंबील वाकवला. कटकन मोडला, म्हणजे चांगला सुकलाय. नुसताच वाकला असता तर पावसात बुरशी धरली असती. जवळा तळहातावर चोळला, वाळू किती गळते ते पाहिलं, नाकाशी नेला आणि पुन्हा टोपलीत टाकला. तीन टोपल्यांपाशी हेच झालं. संकलनात यातलं काही कापलेलं नाही, कापावंसं वाटलंच नाही.

[दृश्य : माळवाली.]

“वैनी, आणखी एक माळ न्या.”
“चार माळा नेऊन काय करू? आढ्याला टांगून बघत बसू?”

पहिल्या माळेशिवाय घर चालत नाही. दुसरी हवीच, तिसरी असली तर बरी. चौथीचे पैसे मात्र जवळ्यात जास्त कामाला येतात. म्हणून माळ परत जाते आणि जवळ्याचं माप वाढतं. मग जवळाही पुरे होतो, कारण या घरात श्रावण पाळतात. तो महिनाभर सुकटीला कोणी हात लावत नाही. उरलेले पैसे मिरचीकडे वळतात, तिथून चिंचेकडे. शेवटचा रुपया कुठल्याही टोपलीत टाकला तरी सारखंच समाधान देईल, तिथवर हे चालतं.

हर्मन हाइनरिश गोसेन या जर्मन गृहस्थानं १८५४ साली हेच गणितात मांडलं. पुस्तक खपलं नाही, उरलेल्या प्रती त्यानं परत घेतल्या. आता त्या मांडणीला समसीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात आणि तो परीक्षेला येतो. गिऱ्हाइकाला हिशेब कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एक तास या टोपल्यांपाशी उभं राहावं.

[दृश्य : सोड्यांची टोपली. हात थांबतो.]

सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. भाव विचारला. पिशवी पुढे गेली. महागाईत पहिली सुटते ती हीच टोपली; आषाढात मग जवळ्यावरच भागवायचं.

[दृश्य : एसटीचा थांबा. मांडीवर पिशवी, सुटी नाणी मोजणारी बोटं. निवेदन नाही.]