खतं डोहात, पण अर्धीच

श्रोतेहो, नमस्कार. पैसा किती झाला म्हणजे पुरे झाला, आणि त्यातला दुसऱ्याला किती द्यावा, यावर आज बोलायचं आहे. वेळ थोडा आहे, म्हणून हिशेबाचं आधी उरकतो. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी घाईत सांगणार नाही.

तर हिशेब. सहा महिने घर चालेल एवढी रक्कम हाताशी ठेवा, म्हणजे मागितल्या दिवशी मिळेल अशी. ज्या कर्जाचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी फेडा. कमावतं माणूस एकच असेल तर त्याचा मुदतीचा विमा हवाच. आणि सगळ्या ठेवी एकाच बँकेत नकोत. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत देतं. फेब्रुवारी २०२० पूर्वी तर १ लाखच मिळायचे. पुन्हा सांगतो, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तर त्या दोन बँका होत नाहीत.

झालं. आता गोष्ट.

तुकोबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीणा आणि टाळ येतात. पण हा माणूस त्याआधी वाणी होता, दुकानदार. घरात देहूच्या पेठेची महाजनकी, शिवाय सावकारी. म्हणजे व्याज, गहाण, वसुली हे सगळं घरातलं, रोजचं. आईवडील गेले. थोरले बंधू सावजी बायको वारल्यावर तीर्थयात्रेला निघून गेले. धाकटे कान्होबा. प्रपंच तुकोबांच्या गळ्यात. आणि अशात १६३० चा दुष्काळ आला. पहिली बायको अन्न अन्न करत गेली. मुलगा संतू गेला. दुकान बसलं.

तुकोबा डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधत शोधत पोचले आणि त्यांना इंद्रायणीकाठी घेऊन आले. पुढचा प्रसंग चरित्रकथांत येतो. संवाद मी माझ्या शब्दांत सांगतो.

तुकोबांनी कान्होबांना सांगितलं, घरातली खतं घेऊन ये. कर्जाची खतं, वडिलांच्या वेळेपासूनची. कुणाकडे किती येणं आहे, कुणाचं काय गहाण आहे, सगळं त्यात. आता विचार करा, दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. ज्यांच्या नावाची ती खतं, त्यांतले कितीतरी घास न मिळून मेलेले असणार. उरलेले कुठून देणार? तुकोबा म्हणाले, बुडवून टाकू.

कान्होबा काय म्हणाले असतील? आपण त्यांच्या जागी असतो तर काय म्हणालो असतो? ते म्हणाले, दादा, तुम्ही साधू झालात. मला बायकापोरांचं बघायचं आहे.

आणि तुकोबांनी ते ऐकलं. उपदेश केला नाही, की मोह सोड म्हणून बोल लावला नाही. खतांच्या दोन वाटण्या केल्या, सारख्या. अर्धी कान्होबांच्या हातात दिली. हे तुझं, तू वसूल कर किंवा सोड. आणि आपली अर्धी इंद्रायणीच्या डोहात.

अर्धी, श्रोतेहो! आपण हा प्रसंग ऐकतो तेव्हा खतं बुडवली एवढंच लक्षात राहतं. वाटणी विसरतो. आणि मला वाटतं सगळी ताकद त्या वाटणीत आहे. आधी वाटणी, मग दान. पुढे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या त्या मात्र तेराव्या दिवशी वर आल्या म्हणतात. खतं वर आली असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आता याच माणसाची दुसरी गोष्ट घ्या. तीही चरित्रकथांतलीच. धंद्यात खोट आलेली. दुसरी बायको जिजाई पुण्याच्या सावकाराची लेक. तिने आपल्या नावाने खत लिहून दिलं आणि २०० रुपये काढून दिले. तुकोबांनी माल भरला, मीठ. खडे मीठ हो, हल्लीच्या पुडीतलं पांढरं पीठ नव्हे. लोणच्याला अजूनही खड्याचंच वापरावं असं माझं मत आहे, पण ते असो. मीठ विकून २०० चे २५० झाले. परतताना वाटेत एक कर्जबाजारी माणूस दिसला, वसुलीवाल्यांनी धरलेला, बायकामुलं रडताहेत. तुकोबांनी सगळे २५० त्याला देऊन टाकले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

कीर्तनात इथे लोक डोळे पुसतात. मी जिजाईचा विचार करतो. खत तिच्या नावाचं होतं. सावकार तिच्या दारात येणार होता. तिची जीभ तिखट होती हे सगळे सांगतात, पण का झाली ते कुणी सांगत नाही. तुकोबांबद्दल बोलण्याची माझी पायरी नाही, तरी सांगतो: पन्नास दिले असते तर तो नफा होता. दोनशे तिचे होते. डोहाकाठी त्यांनी वाटणी केली, तिथे माझे हात आपोआप जोडले जातात.

आपल्या घरातही हे होतंच. गावच्या देवळाला नवरा एकवीस हजार बोलून येतो, बायकोला पावती सापडल्यावर कळतं. आणि मग सभामंडपातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव! पंखा फिरतो तोवर वाचता येत नाही, म्हणून की काय, काही ठिकाणी तो बंदच असतो. काही आईबाप राहतं घर हयातीतच मुलाच्या नावावर करून मोकळे होतात. हे दान नव्हे, हे स्वतःचा आधार काढून देणं आहे. मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, आणि मन बदललं तर तेही बदलता येतं.

आमच्या शेजारच्या काकूंनी पोळ्या लाटून घर चालवलं. त्यांच्या फडताळात हिंगाचा एक रिकामा पिवळा डबा आहे. महिन्याचा हिशेब झाला की जमेल ती नोट त्यात पडते. कुणाची फी, कुणाचं औषध, सगळं त्यातूनच. डबा रिकामा असला तर त्या सरळ सांगतात, "या महिन्यात नाही बाई, पुढच्या महिन्यात ये." सांगताना आवाज खाली जात नाही. आणि पुढच्या महिन्यात ती बाई खरंच येते, आणि तिला मिळतं.

डबा रिकामा झाला म्हणून त्या रेशनच्या पैशांना हात लावत नाहीत. रेशन संपलं म्हणून डब्यालाही नाही. पुन्हा तेच, आधी वाटणी, मग दान.

वेळ संपत आली, म्हणून व्यवहाराचं शेवटचं. मान्यताप्राप्त संस्थेला देणगी दिलीत तर प्राप्तिकरात वजावट मिळते, पण जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत ती नाही. आणि रोख देणगी २००० रुपयांच्या वर गेली तर जुन्या पद्धतीतही तिच्यावर वजावट नाही. तेव्हा चेकने द्या, पावती घ्या, आणि देण्याआधी घरी एकदा विचारा. नमस्कार.