लाटेच्या कैदेतून सुटलेल्या होड्या

[दृश्य: गोसीखुर्द जलाशयाचा फुगवटा, पवनी तालुका. मासेमाराचा डोंगा.]

या डोंग्याला शीड नाही. तो वल्ह्यावर चालतो. तरीही शर्यतीच्या शिडाच्या होड्यांमध्ये वेगाचा एवढा फरक का पडतो, याचे उत्तर त्याच्या पुढे उठणाऱ्या लाटेत आहे. पाणी बाजूला सारत जाणारी प्रत्येक होडी स्वतःची लाट उभी करते आणि वेग वाढला की त्याच लाटेच्या चढावर अडते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजून तिच्या वर्गमुळाला १.३४ने गुणले, की ही मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मिळते. पंचवीस फुटांना ती ६.७ नॉट, ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर येते. शीड कितीही मोठे लावले तरी जड होडी याच्या फारशी पुढे जात नाही.

हलकी, सपाट तळाची होडी मात्र जोराच्या वाऱ्यात लाटेवर चढून घसरू लागते. विष्णु सरवणन यांनी जिच्यातून २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, ती आयएलसीए ७ याच जातीची.

अनेक अरुंद सांगाड्यांची, म्हणजे पाण्यात टेकणाऱ्या धडांची, होडी मुळात लाटच कमी उठवते. अभिलाष टॉमी यांनी एकसांगाडी, जुन्या धाटणीच्या होडीतून एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा २०२३मध्ये २३६ दिवसांनी संपली. फ्रान्सिस जॉयॉन यांच्या सहा जणांच्या चमूने तीनसांगाडी ‘आयडेक स्पोर्ट’मधून २०१७मध्ये ती ४१ दिवसांच्या आत पुरी केली. अर्थात धाडस कोणाचे मोठे, हा हिशेब निराळा.

[दृश्य: पाण्यावर उचललेली एफ५०.]

एफ५० आणि एसी७५ या होड्या पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जातात. सांगाडा पाण्याबाहेर आला की रोध एकदम घटतो, होडीच्या गतीमुळे शिडाला लागणारा वारा वाढतो आणि ती प्रत्यक्ष वाऱ्यापेक्षाही वेगाने धावते. दोघींनीही ५० नॉटचा टप्पा ओलांडला आहे.

पॉल लार्सन यांच्या ‘सेलरॉकेट २’ने नामिबियात २०१२मध्ये ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी १२१ किलोमीटर गाठले. पण शंकरपटातल्या जोडीसारखी ती सरळ पट्टीवर, ५०० मीटर, घड्याळाशी धावली. वळणावळणाच्या शर्यतीत तिचा उपयोग नाही.

वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र उतरतात, तेव्हा ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’ पद्धतीत लागलेल्या वेळेला होडीच्या जातीला ठरवून दिलेल्या अंकाने (वेगवान जातीचा अंक लहान) भागून हजाराने गुणतात. आयएलसीए ७चा अंक ११००च्या, तर ४९अर या दोघांच्या वेगवान होडीचा ७००च्या आसपास असतो. त्यामुळे पहिलीची ११० मिनिटे आणि दुसरीची ७० मिनिटे जवळपास बरोबरीची धरली जातात.