परागकणांच्या मोसमापुरते गाव बदलताना

श्रोतेहो, नमस्कार. ठरावीक महिना उजाडला की हवेतल्या परागकणांच्या अ‍ॅलर्जीमुळे ज्यांना उठल्याउठल्या शिंकांवर शिंका येऊ लागतात, नाक चोंदते, टाळूला खाज सुटते आणि डोळे चोळून चोळून लाल होतात, त्यांच्या मनात एक विचार हमखास येतो: एवढे दिवस दुसरीकडे काढता आले तर? हा उपाय जुना आहे आणि नीट आखला तर गुणकारीही आहे.

जॉन बॉस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात स्वतःलाच होणाऱ्या या विकाराचे वर्णन १८१९ साली मांडले. समुद्रकाठी, रॅम्सगेटजवळ राहिल्यावर त्यांना बरे वाटे. मात्र दोष उष्म्याचा, अशी त्यांची समजूत होती. परागकण हेच खरे कारण असल्याचे चार्ल्स ब्लॅकली या दुसऱ्या इंग्रज डॉक्टरांनी १८७३ साली पुराव्यानिशी दाखवले. चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाला बांधून त्यांनी उंचावरच्या हवेतले परागकण टिपले आणि गवताचे पराग आपल्याच नाकात घालून तो त्रास मुद्दाम ओढवून घेतला. अमेरिकेत रॅगवीड या तणाने बेजार झालेले लोक ऑगस्टमध्ये व्हाइट माउंटन्स या डोंगराळ भागातल्या बेथलेहेम गावी मुक्कामाला जात आणि थंडीच्या पहिल्या कडाक्याने ते तण करपले की परतत. जपानमध्ये आजही ‘सुगी’ नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या फुलोऱ्याच्या दिवसांत काही जण दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर जातात, कारण तिथे तो वृक्ष जवळजवळ नाहीच.

बेथलेहेमला किंवा ओकिनावाला जाणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असे: आपण कोणत्या वनस्पतीपासून पळतो आहोत. निघण्यापूर्वी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करून आपली वनस्पती नेमकी ओळखणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण गवताचा त्रास असलेल्या माणसाने झाडे टाळून कुरणांच्या प्रदेशात जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. डोंगरावर फुलोरा उशिरा येतो. त्यामुळे सखल भागातला मोसम सोसून वर गेलेल्याला तोच मोसम दुसऱ्यांदा भेटतो. समुद्रकाठही वारा पाण्यावरून येत असेल तोवरच सुखाचा, आणि बर्चसारख्या झाडाचे पराग तर वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात.

वेळही तितकीच सांभाळावी लागते. परागांच्या माऱ्याने नाकाचे अस्तर एकदा चाळवले, की पुढे अगदी थोडे परागसुद्धा त्रास द्यायला पुरतात. म्हणून लक्षणे सुरू झाल्यावर नव्हे, तर फुलोऱ्याच्या आधीच निघावे.

हाच विचार पुढे नेऊन घर कायमचे हलवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. ज्याची प्रकृती एका परागाला बिचकते, त्याची ती नव्या जागच्या परागांनाही काही वर्षांत बिचकू लागण्याचा संभव असतो. शिवाय माणसे आपली झाडे बरोबर घेऊन जातात. अ‍ॅरिझोनातले टूसॉन हे अमेरिकी शहर एकेकाळी अशा रुग्णांचे आश्रयस्थान होते. पुढे तिथे सावलीसाठी तुती आणि ऑलिव्ह इतके लावले गेले, की त्यांच्या परागांमुळे या झाडांच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले.

नोकरी, मुलांची शाळा किंवा पैसा यांमुळे ज्यांना हलता येत नाही, त्यांची संख्या अर्थातच मोठी आहे. त्यांनी मोसमाच्या काही महिने आधीच डॉक्टरांना भेटून इम्युनोथेरपीविषयी विचारावे. त्याच परागांचा अंश अल्प प्रमाणात देत शरीराला त्याची सवय लावणाऱ्या या उपचाराची सुरुवात लेनर्ड नून आणि जॉन फ्रीमन या इंग्रज डॉक्टरांनी १९११ साली केली. तो साधारण तीन वर्षे चालतो आणि त्याचा गुण पुढेही टिकू शकतो.