किती देवळं ते नको, किती वेळ ते विचारा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली, सकाळचं ऊन हवंहवंसं वाटायला लागलं, की आपल्या सांगली-मिरजेत सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. 'एका दिवसात नऊ प्राचीन मंदिरे, चहा-नाष्टा-जेवणासह, माणशी अमुक रुपये.' कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतं, कुणी किराणा दुकानाच्या काचेवर चिकटवतं. आपण पैशांकडे बघतो, मग नऊ या आकड्याकडे बघतो आणि मनात भागाकार करतो. एका देवळाला इतके पडले, म्हणजे स्वस्त आहे! मीही तसाच भागाकार केला होता, आणि त्या दिवसाची रुखरुख मला अजून आहे.

माझी आत्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. जन्म मिरजेचा, सगळं आयुष्य कृष्णाकाठी गेलं, पण शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वराचं जुनं शिवमंदिर काही तिनं पाहिलं नव्हतं. आधी संसार होता, मग सासऱ्यांचं आजारपण, मग स्वतःचे गुडघे. 'एकदा मला खिद्रापूर दाखव गं,' एवढंच तिचं मागणं. मी अशाच एका सहलीत दोन जागा सांगितल्या. सकाळी साडेसहाला सांगलीच्या विश्रामबागेतून गाडी सुटायची होती, ती सुटली आठला. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं मागे पडत गेलो. नरसोबाच्या वाडीला दर्शनाची रांग, नंतर पेढे आणि बासुंदीची खरेदी. जेवण साडेतीनला झालं. खिद्रापूरला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता.

'वीस मिनिटं हं, सगळ्यांनी लवकर या!' असं सांगून आम्हाला सोडलं. गाडीच्या पायरीवरून उतरून दारापर्यंत यायला आत्याला सात-आठ मिनिटं लागली. आत अंधार. लोक मोबाइलच्या उजेडात फोटो काढत होते. आत्यानं एका खांबावर हात ठेवला. तळहात हळूहळू खाली नेला, पुन्हा वर नेला. 'अगं, दगड आहे ना हा? पाटा-वरवंट्यासारखा गुळगुळीत लागतोय,' ती म्हणाली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजायला लागला.

परतीच्या वाटेत ती काही बोलली नाही. मला मात्र तेव्हाच कळलं की विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. किती देवळं दाखवणार, हे विचारलं होतं. प्रत्येक देवळात किती वेळ थांबणार, हे विचारलं नव्हतं. सहल नेणारे नऊ-नऊ देवळं का लावतात? आपण आकडा बघून पैसे भरतो म्हणून. आपण वेळ विचारायला लागलो, तर तेही वेळ सांगायला लागतील.

आता खिद्रापूरला वेळ कशाला लागतो ते सांगते. मंदिर पूर्वाभिमुख आहे. पूर्वेकडून आत गेलात की पहिला लागतो स्वर्गमंडप. गोल मंडप, अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छतच नाही. वर गोल मोकळं आकाश, खाली बरोबर तेवढ्याच घेराची एकसंध गोल शिळा. तिला रंगशिळा म्हणतात. हे काम शिलाहार राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. या मंडपाला खरी शोभा आणतं ते ऊन. उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमाराला, भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो, तेव्हा उजेडाचं ते वर्तुळ थेट शिळेवर उतरतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे कवडसा उत्तरेच्या खांबांकडे जातो. आणि कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या मोकळ्या गोलावर येतो, म्हणून तेव्हा दिवे लावायला लांबून लोक येतात. म्हणजे तुम्ही तिथे किती वाजता पोचता, यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. माझं ऐकाल तर अकरा ते एकच्या दरम्यान तिथे असा.

पुढे सभामंडप, मग अंतराळ, म्हणजे गाभाऱ्यापुढची लहान जागा, आणि गाभारा. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर, आणि समोर नंदी नाही. शिवाच्या देवळात नंदी नाही म्हटल्यावर कुणीही विचारणारच. गोष्ट अशी सांगतात, की सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली आणि परत आलीच नाही. शंकर कोपला, तो कोपेश्वर. त्याला शांत करायला विष्णू आला, तो धोपेश्वर. नंदी राहिला यडूरला, आजच्या कर्नाटकात. ही गोष्ट देवळात उभं राहून, कुणाच्या तरी तोंडून ऐकायची असते. मग बाहेर येऊन प्रदक्षिणा घालायची. खाली हत्तींची रांग, जणू सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर उभं आहे. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा संस्कृत शिलालेख आहे, आणि इतर बरेच लेख जुन्या कन्नडमधले आहेत. आपल्या या भागात मराठी आणि कन्नड किती शतकं शेजारी नांदल्यात, ते त्या भिंतींवर वाचायला मिळतं. गावातच एक जुनी जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. आमच्या त्या सहलीत तिचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

वीस मिनिटांत यातलं काय बघणार? निदान दोन तास हवेत.

म्हणून पुढच्या वर्षी, जानेवारीत, मी दुसरी सहल शोधली. तीनच ठिकाणं होती. हरिपूरचं संगमेश्वर, नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर. जाहिरात साधी होती, पैसे पहिल्या सहलीपेक्षा जास्त होते, आणि घरात 'तीन देवळांना एवढे?' असं झालंच. पण मी फोन करून विचारलं, खिद्रापूरला किती वेळ? उत्तर आलं, 'सव्वाअकरा ते दीड. समजावून सांगायला इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक बरोबर आहेत.' मी तिथल्या तिथे जागा सांगितल्या.

त्या दिवशी एक गोष्ट कळली, ती एकट्यानं गाडी करून गेलो असतो तर कळली नसती. आमच्यात एक सुतारकाम केलेले काका होते. शिक्षक सांगत होते, की अशा बांधकामात दगड चुन्यानं चिकटवत नाहीत, एकमेकांत अडकवतात. काका पुढे झाले, एका सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, 'हे तर आमचंच काम. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारं कुसू. दाराची चौकट आम्ही अशीच बसवतो.' मग आम्ही सगळे सांधे शोधत फिरलो. एक ताई रांगोळीचे क्लास घेतात, त्यांनी छताकडे बघून नक्षीचे ठिपके मोजले. चार अनोळखी माणसं एकत्र आली की चार वेगळ्या नजरा मिळतात. सामायिक सहलीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच. खर्च वाटला जातो, एकट्या बाईमाणसाला सोबत मिळते, हे तर आहेच.

आणि आत्या? ती मंडपाच्या कडेला टेकून बसली होती. उन्हाचा गोल उत्तरेच्या खांबांवर होता. तासाभरानं तिनं मला हाक मारली. 'बघ, मघाशी त्या खांबावर होतं, आता ह्याच्यावर आलंय.' पश्चिमेकडून पूर्वेकडे, सावकाश सरकत होतं ते ऊन. तिनं ते बसल्या जागेवरून सगळं पाहिलं.

सहल ठरवताना सांगणारा माणूस कोण, हे जरूर विचारा. 'हे पांडवांनी एका रात्रीत बांधलं' एवढंच सांगणारा असेल तर ते आपल्याला गावातही ऐकायला मिळतं. 'हेमाडपंती' या शब्दाचंही तसंच. जुनं काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. कोपेश्वराचं काम त्याच्या आधी सुरू झालेलं. हा फरक उलगडून सांगणारा माणूस सोबत असेल, तर त्याच्यासाठी माणशी पन्नास-शंभर रुपये जास्त द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

गाडीला पिवळी नंबरप्लेट आहे ना, ते बघा. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन सहल नेणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ आपल्याच गळ्यात पडतो. सतरा जणांच्या गाडीत सतराच माणसं बसणार का, तेही विचारून घ्या. घरात म्हातारं माणूस असेल तर पायऱ्या किती, चालणं किती, स्वच्छतागृह कुठे आहे, हे बिनसंकोच विचारा. वाडीला पौर्णिमेला आणि गुरुवारी गर्दी असते. त्या दिवशी दर्शन होईल, पण पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडेल. दर्शनालाच जायचं असेल तर खुशाल पौर्णिमेला जा. शिल्पं बघायची असतील तर साधा वार निवडा. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात भरल्या की एकही धड होत नाही. पावसाळ्यात तर कृष्णेचं पाणी बघूनच ठरवावं. वाडीला दक्षिणद्वार होतं, म्हणजे पुराचं पाणी देवळात शिरतं, तेव्हा कृष्णा देवाच्या दारातून वाहते, आणि आसपासचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही.

हरिपूरचं एक सांगायचं राहिलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं ते देऊळ सांगलीला इतकं लागून आहे, की सहलवाले तिथे दहा मिनिटंच ठेवतात. शक्य असेल तर त्यांना थोडं जास्त थांबायला सांगा. घाटावर बसा. याच हरिपुरात जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, 2005 च्या महापुरानं त्यांचं फार नुकसान केलं. देऊळ आणि पेव, दोन्ही नदीच्या भरवशावर. शिक्षकांनी हे सांगितलं तेव्हा गाडीतले हळदीच्या व्यापारातले एक आजोबा बराच वेळ नदीकडे बघत राहिले.

साताऱ्याकडचे श्रोते ऐकत असतील, तर तुमच्याकडेही अशीच तीन ठिकाणं एका दिवसात छान बसतात. सज्जनगडाच्या पायथ्याचं परळी, तिथली यादवकालीन देवळं. देगावजवळचं पाटेश्वर, जिथे शिवलिंगांचे इतके प्रकार आहेत की मोजता मोजता भान राहत नाही. मात्र तिथे चढून जावं लागतं, तेव्हा गुडघ्यांचा विचार करा. आणि वाईजवळचं धोम. तिथे कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय. कुंडात पाणी असलं की कासव पोहत असल्यासारखं वाटतं. म्हणून फोन कराल तेव्हा सध्या कुंडात पाणी आहे का, हेही विचारा.

आमचं या वर्षी परळी आणि धोम ठरलं आहे. पाटेश्वर वगळलं, आत्याला चढण झेपणार नाही. तिनं पुढची, दाराजवळची जागा आत्ताच सांगून ठेवली आहे.

नमस्कार.