शत्रूचं दुःख रंगमंचावर : ग्रीक नाटकाविषयी थोडं

मंडळी, ग्रीक नाटकाची सुरुवात समजून घ्यायची तर आधी नट डोक्यातून काढून टाका, कारण सुरुवातीला नट नव्हताच, होता तो कोरस. डायोनिसस म्हणजे द्राक्षांचा आणि वाइनचा देव, त्याच्या उत्सवात पन्नास-पन्नास जणांचे ताफे गोल फेर धरून गायचे, नाचायचे, आणि ॲरिस्टॉटल सांगतो की ट्रॅजेडी निघाली ती ही गाणी म्हणवून घेणाऱ्या म्होरक्यांमधून. आपल्याकडे शाहीर पुढे असतो आणि झीलकरी मागे, इथे उलट, झीलकरीच मुख्य. परंपरेनुसार इ.स.पू. ५३४ च्या सुमारास थेस्पिस नावाचा माणूस अथेन्समध्ये या ताफ्यातून बाजूला होऊन पात्र म्हणून बोलायला लागला. पुढे एस्किलस या नाटककारानं दुसरा नट आणला, त्याच्यानंतरच्या सोफोक्लिसनं तिसरा, आणि तिथेच थांबले. मुखवटे बदलत हेच तीन नट सगळ्या भूमिका करायचे, बायकांच्यासुद्धा.

हे सगळं स्पर्धेसाठी, बरं का. वसंतात उत्सव, एकेका नाटककाराच्या तीन ट्रॅजेडी आणि वर एक सॅटर नाटक, म्हणजे चावट-विनोदी नाटक, कोरसचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात, परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडलेले. म्हणजे नाटक हे गावाचं काम होतं, आणि म्हणूनच गावाला काय सहन होतं आणि काय नाही, हा प्रश्न पहिल्यापासूनच आला.

इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियानं मिलेटस हे ग्रीक शहर पाडलं. अथेन्सवाल्यांना ती आपलीच माणसं. फ्रिनिखस नावाच्या नाटककारानं त्यावर नाटक केलं, तर इतिहासकार हेरोडोटस लिहितो की अख्खं थिएटर रडलं, आणि मग त्यालाच हजार द्राख्मा दंड केला, आपल्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून, वर ते नाटक परत कुणी करायचं नाही असा हुकूम! मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, जखम ताजी असताना ती तशीच समोर ठेवली तर लोक पाहू शकत नाहीत हे नाटकवाल्यांना इथे कळलं असणार.

आता एस्किलस बघा. हा पर्शियन सैन्याविरुद्ध मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला, त्याचा भाऊ तिथेच मेला. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्यानं अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सची देवळांची टेकडी, जाळली, मग सालामिसच्या समुद्रात त्यांचं आरमार बुडालं, आणि आठच वर्षांनी, ४७२ मध्ये, हा माणूस 'पर्शियन्स' घेऊन आला. आज आपल्याकडे उरलेली ही सगळ्यात जुनी ट्रॅजेडी. कोरसचा खर्च केला होता विशीतल्या पेरिक्लिसनं, पुढे अथेन्सचा मोठा पुढारी झाला तो. विजयाचं नाटक म्हणून काय अपेक्षा असेल? पण सगळं नाटक घडतं शत्रूच्या राजधानीत, कोरस पर्शियन म्हाताऱ्यांचा, राजमाता वाट बघतेय, पराभवाची बातमी येते, आणि शेवटी हरलेला राजा झर्क्सिस फाटक्या कपड्यांत येऊन रडतो. प्रेक्षकांत सालामिसला वल्ही मारलेले लोक, डोक्यावर टेकडीवर जळालेली देवळं, तिथलं प्रसिद्ध पार्थेनॉन मंदिर अजून बांधायलाही घेतलं नव्हतं, आणि त्यांनी या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं. मला हे आजही थक्क करतं.

युरिपिडिस हा नंतरचा नाटककार याच्याही पुढे गेला. इ.स.पू. ४१६ च्या हिवाळ्यात अथेन्सनं मेलोस बेट जिंकलं, हाती लागलेले पुरुष मारले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. पुढच्याच वसंतात त्यानं 'ट्रोजन विमेन' केलं, नाव ट्रॉयचं, पण स्टेजवर काय तर हरलेल्या शहराच्या बायका, कुणाच्या घरी गुलाम म्हणून जायचं याची वाट बघत बसलेल्या. मेलोसचा उल्लेखही नाही. नाटक लिहायला घेतलं तेव्हा त्याच्या मनात मेलोस होतं का, यावर अभ्यासक वाद घालतात, पण बघणाऱ्यांना ते आठवलं नसेल हे मला पटत नाही. दंड झाला नाही, दुसरं बक्षीस मिळालं.

आणि त्याच उन्हाळ्यात अथेन्सचं आरमार सिसिलीवर निघालं. दोन वर्षांत ते सगळं संपलं, हजारो कैदी सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या दगडाच्या खाणींत. नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सांगतो की यातले काहीजण सुटले ते युरिपिडिसच्या पाठ असलेल्या ओळी म्हणून दाखवल्यामुळे, आणि लढाईनंतर भटकणाऱ्या काहींना त्याची गाणी म्हटल्यावर अन्नपाणी मिळालं, कारण सिसिलीतल्या लोकांना तो अतिशय आवडायचा.