काळीवरचे घर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे गावच्या जमिनीचे वर्णन करायला पूर्वी दोन शब्द पुरत असत, पांढरी आणि काळी. पांढरीवर वस्ती, काळीवर पीक. आता गावठाणे भरली, आणि गावाबाहेरच्या कपाशीच्या शेतांचे बिनशेती प्लॉट पडू लागले. ज्या मातीवर आपल्या पणजोबांनी गुरांचा गोठासुद्धा बांधला नसता, तिच्यावर आपण स्लॅबचे दुमजली घर उभारतो आहोत. अशा घराचा पाया खोदण्यापूर्वी जमिनीची तपासणी का करून घ्यावी, हा आजचा विषय आहे. आणि तो मला अमळनेर तालुक्यातल्या एका घराच्या आधारानेच सांगता येईल.

काही वर्षांपूर्वी तिथले एक शेतकरी माझ्याकडे आले. गाव त्यांना आप्पा म्हणते, मीही आप्पाच म्हणतो. त्यांच्या नव्या घराला तिसऱ्याच वर्षी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या होत्या, आणि आता शेजारच्याच प्लॉटवर धाकट्या भावाचे घर काढायचे होते. मी विचारले, "बांधण्याआधी माती तपासली होती का?" आप्पा म्हणाले, "तपासली ना साहेब, कार्डच आणलंय," आणि त्यांनी पिशवीतून मृदा आरोग्य पत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सारे काही तीत होते. कपाशीला खत किती द्यावे हे त्या कागदावरून कळले असते. भिंत उभी राहील की नाही, हे मात्र त्यातून कळणार नव्हते. शेतीचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो, आणि घराचा भार वीतभर मातीवर नसतो. हे पुन्हा सांगतो, कारण ही गल्लत शिकलेली माणसेही करतात: शेतीचे माती परीक्षण वेगळे आणि बांधकामाचे वेगळे.

मे महिन्यात मी ते घर पाहायला गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीतील भेगेत पाच रुपयांचे नाणे सहज उभे जात होते. आप्पांच्या आई, ज्यांना घरात माय म्हणतात, सांगत होत्या की श्रावणात हीच भेग मिटते, पण तेव्हा देवघराचे दार फुगून बसते आणि ते खांद्याने ढकलावे लागते. आप्पांचा सारा राग गवंड्यावर होता. त्याने सिमेंट खाल्ले, असे त्यांचे ठाम मत होते. आपल्याकडे भेग दिसली की गवंडी चोर ठरतो, कारण तो समोर असतो आणि जमीन बोलत नाही. मी दुसऱ्या प्लॉटवर खड्डा घ्यायला लावला. दोन मीटरपर्यंत नुसती काळी होती, ढेकूळ फोडले की कडा साबणासारख्या चकाकणारी. त्याखाली पिवळसर चिकण, आणि साडेतीन मीटरच्या सुमारास कुठे मुरूम लागला.

नमुना प्रयोगशाळेत सुकवून, बारीक चाळणीतून चाळून मी आठवड्याने परत आलो, कारण अहवालातले आकडे आप्पांना पटणार नाहीत हे मला दिसत होते. ओट्यावर दोन मोजनळ्या मांडल्या. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम माती टाकायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल शंभर मिलिलिटरपर्यंत भरायचे, ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. पाणी आणि माती होती, पण रॉकेल मी विसरलो होतो, आणि गावात ते मिळेना. (रेशनवरचे रॉकेल गेले, ते बरेच झाले; पण घरात एक कंदील आणि बाटलीभर रॉकेल असावे, असे माझे जुने मत आहे आणि वीज मंडळाने ते अजून बदलू दिलेले नाही.) शेवटी मायनेच फडताळातली बाटली काढली आणि बजावले की उरलेले परत पाहिजे.

मुक्काम आप्पांकडेच होता. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि दर तासाला कोणीतरी बॅटरी घेऊन नळ्या पाहायला जाई. दुसऱ्या संध्याकाळी रॉकेलमधली माती दहा मिलिलिटरच्या खुणेवर बसलेली होती, आणि पाण्यातली एकवीसवर. माती तीच, वजन तेच, दहाचे एकवीस. रॉकेलने ही माती फुगत नाही, पाण्याने फुगते, आणि या दोहोंतल्या फरकावरून फुगवट्याचा निर्देशांक काढतात. इथे तो एकशे दहा टक्के आला. पन्नासच्या पुढे गेला की सावध व्हायचे असते. आप्पा बराच वेळ नळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे गवंड्यानं सिमेंट खाल्लं नाही." मायने रॉकेल फडक्यातून गाळून बाटलीत परत ओतले.

धाकट्याच्या घराचा पाया मग पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, घेतला. या पाइलच्या तळाशी खांबाच्या सुमारे अडीचपट रुंदीचा फुगवटा असतो, आणि तो मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली रुतवायचा असतो. आपल्याकडील काळ्या मातीसाठी ही रीत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुळवली. वरचा बीम जमिनीपासून चार बोटे उचललेला ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी त्याला खालून ढकलत नाही.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून उरलेले झपाट्याने सांगतो. तपासणीत छिद्र घेऊन त्यात एक पोकळ नळी उतरवतात आणि ती ठोकायला वरून ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून पाडतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर नळी रुतायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके कमी, तर जमीन मऊ. तपासणी पायाच्या तळाखाली पायाच्या रुंदीच्या निदान दीडपट खोलीपर्यंत व्हावी. शेजाऱ्याचा अहवाल आपल्याला चालत नाही: तापीकाठी शेकडो फूट गाळ आहे, तर साक्रीकडे अनेक ठिकाणी हातभर खाली मुरूम लागतो, आणि एकाच शिवारात जुनी विहीर बुजवलेली असू शकते. म्हाताऱ्या माणसांना विचारा. आप्पांच्या प्लॉटच्या कोपऱ्यातली बुजवलेली विहीर मायनेच दाखवली होती, "आठे इहीर व्हती," म्हणून.

ज्यांना यंदा घर काढायचे आहे, त्यांनी वैशाखात आपल्या प्लॉटवर जावे, जमिनीला पडलेल्या भेगेत एक सरळ काठी सोडावी, ती किती खोल जाते ते मोजावे, आणि तो आकडा अभियंत्याला पहिल्याच भेटीत सांगावा. नमस्कार.