औंधचे बाळासाहेब: आपणहून राज्य सोडणारा राजा

बाळासाहेबांचं, म्हणजे साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं नाव काढलं की समोरून एकच शब्द येतो: सूर्यनमस्कार. खरंच आहे ते. स्वतः घातले, संस्थानातल्या शाळांतून पोरांकडून घालून घेतले. इथल्या पुढच्या रांगेतल्या मंडळींनीही घातले असणार, पाठीचे कणे सांगतायत! पण सत्तरीच्या राजानं आपणहून कारभार रयतेच्या हाती दिला, असं सांगायला जावं तर लोक म्हणतात, "हो का?" हे "हो का" मला फार लागतं. आज बोलायचंय ते 1939 सालच्या औंधच्या राज्यघटनेवर. पण आधी माणूस कळू दे.

1910 साल. गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायचा होता आणि जागा मिळत नव्हती. बाळासाहेबांनी बोलावून घेतलं, कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली, वर कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान, पावलोपावली साप! आणि काढणार काय, तर लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत होते तो हा काळ. आज त्या स्टेशनावर किर्लोस्करवाडीची पाटी आहे.

आणि आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर! गंभीर गुन्ह्यांचे कैदी, पण ना तट, ना कुलूप. शेती करा आणि माणसांसारखे राहा. ग. दि. माडगूळकर याच संस्थानचे, औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांनी त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' लिहिला. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, राजा कुणाला आठवत नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा राज्यघटनेचं भराभर सांगतो.

संस्थान 72 गावांचं, तेही विखुरलेलं: औंध, कुंडल, आटपाडी, पार विजापूरकडे गुणदाळ. मुलगा आप्पासाहेब बॅरिस्टर होऊन आलेला, जोडीला पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन. दोघं गांधीजींकडे गेले. गांधीजींनी पाया गावात घालायला सांगितलं आणि राजानंही साधं राहावं, असं बजावलं. गावानं पंच निवडायचे, त्यांच्यातून तालुका आणि त्यावर रयतसभा. जानेवारी 1939 मध्ये हे अमलात आलं. त्याच मार्चमध्ये राजकोटला, तिथल्या राजानं, ठाकोरसाहेबांनी, सुधारणांचा दिलेला शब्द फिरवला म्हणून गांधीजींना उपोषणाला बसावं लागलं. दोन राजे, एकच साल!

पुढं बेचाळीसनंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारला, म्हणजे इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांनी उभारलेल्या समांतर सरकारला, कुंडल भागात आसरा मिळाला, तो याच संस्थानात. 8 मार्च 1948 ला औंध विलीन झालं आणि घटनाही गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. 1962 ला आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा अधिकार वरून खाली उतरले. औंधात ते गावातून वर चढत होते. ग्रामसभेत कोरमसाठी माणसं गोळा करावी लागतात, तिथले तुम्ही अनेक जण इथं आहात. औंधची नऊ वर्षं नीट अभ्यासायला हवीत, आणि ते काम तुमच्यातल्याच कुणी अंगावर घ्यावं. कुणी तयार असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला इथंच भेटा.